सातवा पास

बलकारसिंग खाली पडलेली टिपांची डबी उचलायला वाकले तेव्हा माझ्या समोरच्या पडद्यावर अठ्ठावन्न सेकंद झाले होते, आणि मी लाल बटण दाबलं तेव्हा बहात्तर. मधले चौदा सेकंद मी त्यांच्याकडे पाहत होते असं म्हणता येणार नाही, आणि पाहत नव्हते असंही म्हणता येणार नाही. डोळ्याच्या कडेला त्यांची निळी पगडी लेथच्या मागे खाली गेलेली दिसली. ती वर यायला हवी होती. माणूस काहीतरी उचलायला वाकतो, ते हाताला लागत नाही, तो चाचपडतो, पुटपुटतो आणि उठतो; याला चार सेकंद पुष्कळ झाले. म्हणजे चौदातले चार मी स्वतःला देऊ शकते. दुपारी एक वाजता सेक्टर बत्तीसच्या सरकारी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी हाच हिशोब पुन्हा पुन्हा करत होते. उरलेल्या दहा सेकंदांत मला कळलं होतं. नक्की काय कळलं होतं ते शब्दांत आलं नव्हतं, पण मानेच्या मागे, केसांच्या मुळाशी काहीतरी आवळलं गेलं होतं, आणि तरीही माझा हात बटणाजवळ जाऊन थांबला होता, कारण पडद्यावरची रेषा सरळ होती. इतकी सरळ रेषा आम्हाला तीन आठवड्यांत मिळाली नव्हती. सातवा पास संपायला थोडाच अवधी होता. धार दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा गेली की एक पास होतो, आणि पास मध्येच तोडला की तो वाया जातो. हे मला इतकं पाठ झालं आहे की ते आता विचारात नाही, हातातच राहतं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. टायटॅनियमचा दांडा लेथवर फिरतो, कार्बाइडची नखाएवढी टिप त्याला सोलत जाते, आणि टिप किती मिनिटं टिकते ते मी मोजते. साध्या पोलादात उष्णता सुटणाऱ्या किसाबरोबर निघून जाते. निळा पडलेला कीस तळाशी पडतो आणि आपल्याबरोबर आग घेऊन जातो. टायटॅनियम उष्णता पुढे जाऊ देत नाही. ती धारेपाशीच साचते, मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेत हजार अंशांच्या घरात पोचते, आणि टिप तिथून खचत जाते. लेथ चालवणाऱ्या बलकारसिंगांनी पहिल्याच आठवड्यात मला हे त्यांच्या भाषेत सांगितलं होतं, "मैडमजी, लोहा गुस्सा निकाल देता है. ये अंदर रखता है." थंड करायला आम्ही आधी तेल मिसळलेलं पांढरं पाणी सोडून पाहिलं, तेव्हा टिप आठ मिनिटं टिकली. मग पाण्याऐवजी तेलाची बारीक फवारणी केली, अकरा मिनिटं. मग द्रवरूप नायट्रोजन आला, उणे एकशे शहाण्णव अंशांचा, एका बारीक नळीतून नेमका धारेवर, आणि टिप अठराव्या मिनिटालाही कापत होती. तो आकडा पहिल्यांदा आला त्या दिवशी मी झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास अडकले होते आणि मला राग आला नव्हता. ऑटोत बसून मी मोबाइलवर तोच आलेख मोठा करून पाहत होते. पण एका टिपेवरून काही सिद्ध होत नाही. तशा आठ टिपा हव्यात, प्रत्येकीचे सगळे पास अखंड हवेत. मध्ये थांबलं की टिप गरम होते, धारेला चिकटलेला टायटॅनियमचा थर निघतो आणि निघताना धारेचा तुकडा घेऊन जातो. थांबणं हेच टिपेचं मरण.

आणि ऑक्सिजन मोजणारा सेन्सर थांबवत होता.

लेथ एका खळग्यात आहे. पूर्वी त्या जागी कुठलीशी मोठी प्रेस होती, तिच्या पायासाठी खणलेली फरशी दीड फूट खोल राहिली, तिथेच आमचा लेथ बसवला. सेन्सर खळग्याच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला होता. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला की तो किंचाळायचा, आणि किंचाळला की लेथ बंद करून शटर उघडायचं, असा लेखी नियम. जानेवारीत इंडस्ट्रियल एरियात सकाळी दहा-अकरापर्यंत धुकं असतं. शटर उघडं ठेवलं की ते दमट धुकं आत येऊन नायट्रोजनच्या नळीच्या तोंडाशी बर्फ जमतो आणि तिची धार वाकडी होते. म्हणून शटर बंद. शटर बंद म्हणून सेन्सर किंचाळतो. सेन्सर किंचाळतो म्हणून पास तुटतो. पाच पास असे गेले. मागच्या सोमवारी मी स्टूल घेतलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि सेन्सर तिथून काढून दरवाजाजवळ, एक्झॉस्ट फॅनच्या बाजूला, माझ्या डोक्याच्या उंचीवर लावला. वहीत लिहिलं, 'सेन्सरची जागा बदलली, सोयीसाठी.' तारीख आणि सही. खोटं मी काहीच लिहिलं नाही. मला माहीत होतं की थंड नायट्रोजन जड असतो आणि खाली बसतो. हे बारावीच्या मुलालाही सांगता येईल. खळग्यात पांढरा धूर पसरायचा, आमच्या घोट्यांभोवती फिरायचा, आणि मला वाटायचं की धोका असलाच तर त्या धुराइतकाच आहे. पण धूर म्हणजे नुसतं गोठलेलं बाष्प. नायट्रोजन दिसत नाही. पांढरं जिथे संपतं तिथे तो संपत नाही. हेही मला माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टी माझ्याकडे भरपूर आहेत.

पास संपला, बटण दाबलं, नायट्रोजनची झडप बंद केली, शटरची साखळी ओढली, मग श्वास रोखून खळग्यात उतरले. हा क्रमही मी बरोबर पाळला. ते कुशीवर पडले होते, भुवई किसाच्या ट्रेला लागून फाटली होती. ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा माणूस मी काखेत हात घालून कसा ओढला ते मला आठवत नाही; त्यांचे बूट पायरीवर दोनदा अडकले एवढं आठवतं. बाहेरच्या धुक्यात मिनिटाभरात त्यांनी डोळे उघडले. ओढताना त्यांची पगडी सुटून खांद्यावर आली होती. रक्त डोळ्यात उतरत होतं, पण त्यांचा पहिला हात रक्ताकडे गेला नाही, डोक्याकडे गेला. मी तोंड दुसरीकडे फिरवलं. "कुछ नहीं," ते म्हणाले, "चक्कर आ गया. उमर हो गई, मैडमजी." आणि मी म्हणायला हवं होतं की नाही, उमर नाही. मी म्हणाले, "हलू नका." मराठीतच म्हणाले. त्यांना कळलं, कारण ते हलले नाहीत.

हॉस्पिटलच्या गर्दीच्या पॅसेजमध्ये फिनेलचा वास होता आणि त्याखाली कुठेतरी दुधाळ, आंबूस असा दुसरा वास होता. तो तिथला नव्हता, माझ्याच जॅकेटच्या बाहीला होता, तेल-पाण्याच्या जुन्या चाचण्यांपासूनचा. तो वास म्हणजे शिरोलीतलं पप्पांचं वर्कशॉप. दोन लेथ, एक ड्रिल, आणि पत्र्याच्या डब्यातून नळीने येणारं पांढरं पाणी. पप्पांच्या बोटांची कातडी त्या पाण्याने भेगाळलेली असायची, जेवताना मीठ लागलं की ते हात झटकायचे. मी दहा वर्षांची असताना एकदा त्यांचा पंप बिघडला आणि कामाची घाई होती, म्हणून त्यांनी नळी माझ्या हातात दिली. म्हणाले, "धार हलू द्यायची नाही. काय झालं तरी." मी स्टुलावर उभी राहिले. थोड्या वेळाने पप्पांचा अंगठा दांडा धरणाऱ्या फिरत्या चकच्या कडेला लागला. मोठं काही नव्हतं, पण रक्त आलं, ते मागे सरले, अंगठा तोंडात घातला, मग फडकं शोधायला गेले. मी धार हलू दिली नाही. पांढऱ्या पाण्यात गुलाबी रेघ फिरत होती, ती मी पाहत होते आणि नळी नेमकी टूलवर धरून होते. पप्पा परत आले तेव्हा काम नीट झालेलं होतं. ही गोष्ट आमच्या घरी कौतुकाने सांगितली जाते. पाहुणे आले की पप्पा सांगतात, "एवढीशी पोर, बाप रक्ताळलाय, पण हिचं लक्ष ढळलं नाही." सगळे माझ्याकडे बघतात. मीही आजवर ती तशीच ऐकली. बाकावर बसून पहिल्यांदा मला त्यातला बाप दिसला, फडकं शोधणारा, आणि त्याच्याकडे वळूनही न बघणारी मुलगी.

"ज्ञानदा." अंबरीश सर आले होते. ते आमच्या विभागाचे प्रमुख, चिंचवडचे, इथे सहा वर्षं आहेत. हातात दोन चहाचे कप, एक माझ्यासाठी. "घे. ईसीजी नॉर्मल आहे. शुगर नॉर्मल. तीन टाके. घाबरू नकोस." मी चहा घेतला. ते माझ्या बाजूला बसले. "शुक्रवारी आपले आकडे पाहायला बंगळुरूची माणसं येतायत," ते म्हणाले. "आठवी टिप तेवढी राहिलीय. चाचण्या आता थांबवल्या तर ही पद्धत कायमची फायलीत जाईल. पुन्हा तेच तेल, तेच पाणी, तेच इसब लोकांच्या हातांना. तुझ्या वडिलांच्या हाताचं तूच सांगितलं होतंस." ते खोटं बोलत नव्हते. तीच अडचण होती. मी म्हणाले, "सर, सेन्सर मी वर लावला होता." ते म्हणाले, "मी पाहिला होता." मग कपात बघत, "मीही पाहिला होता आणि काही बोललो नाही. त्यामुळे आत्ता तूही काही बोलू नकोस. उद्या तो परत खाली लावू. विषय संपला."

विषय संपला असता, जर गोष्ट फक्त माझी आणि सेन्सरची असती. पण डॉक्टरांनी आत बोलावलं. पंचवीस-सव्वीसची मुलगी असेल, डोळ्यांखाली काळं, माझ्याच वयाची. बलकारसिंग पलंगावर टेकून बसले होते, भुवईवर पट्टी, पगडीच्या जागी डोक्याला घट्ट बांधलेला काळा पटका. त्यांची मुलगी रमनीत कॉलेजातून तशीच आली होती, दप्तर पाठीवरच होतं. डॉक्टर फाइलमध्ये लिहीत विचारत होत्या.

"पहले कभी ऐसा हुआ है?"

"ना जी."

"पापाजी," रमनीत म्हणाली.

ते चादरीकडे पाहू लागले. "पिछले वीरवार, थोड़ा सा. खड़े-खड़े. मैंने सोचा नाश्ता नहीं किया."

मागच्या गुरुवारी. मला तो गुरुवार आठवत होता, कारण तो माझ्या वहीत आहे. ते किसाचा ट्रे साफ करायला वाकले होते, मग लेथचं दार धरून उभे राहिले होते, ओठ जरा निळसर. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ऑपरेटर थांबला, वीस सेकंद, पासवर परिणाम नाही.'

"देखिए," डॉक्टर म्हणाल्या, "दो बार बेहोशी जैसा, और रिपोर्ट में कुछ नहीं. दिल की और जाँच करनी पड़ेगी, दिमाग की भी. जब तक वजह नहीं मिलती, मशीन पर काम नहीं. मुझे लिखना पड़ेगा."

"कितने दिन?"

"वजह मिलने तक, अंकलजी."

बलकारसिंग हसले. चूक दाखवली की कारागीर हसतात तसे. सत्तावन्न वर्षांचे आहेत, पैकी एकोणचाळीस लेथवर. आवाजावरून सांगतात की टिप किती झिजली. मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजते आणि ते खरं निघतं. मशीनवरून काढलेला ऑपरेटर आमच्याकडे स्टोअरमध्ये बसतो आणि लोकांना हातमोजे वाटतो. रमनीतने त्यांचा हात धरला, त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि आपल्या छातीवर ठेवला, जणू आतलं काही बिघडलेलं चाचपून सापडेल. तो तळहात मी पाहत राहिले. ते स्वतःच्या शरीराला घाबरायला लागले होते. आजपासून जिना चढताना, नातवाला उचलताना, अंघोळीला पाणी घेताना ते आतून ऐकत राहणार, कधी पुन्हा पडतो म्हणून. आणि त्यांच्या आत काहीच नव्हतं. जे होतं ते खळग्यात होतं, आणि माझ्या सहीनिशी होतं.

"आप साथ थीं?" डॉक्टरांनी मला विचारलं. "वहाँ कोई गैस वगैरह?"

मी तोंड उघडलं, पण आवाज अंबरीश सरांचा आला. "नाइट्रोजन इस्तेमाल होता है. ज़हरीला नहीं है. हम जो साँस लेते हैं, उसमें भी अठहत्तर परसेंट वही है." यातलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. डॉक्टरांनी मान हलवली, पलीकडच्या पलंगावर कोणीतरी ओरडत होतं, त्या तिकडे वळल्या, "एक मिनट."

त्या जाताच अंबरीश सर पलंगाच्या कठड्याला टेकले, बलकारसिंगांकडे बघून हसले आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने माझ्याशी मराठीत बोलू लागले. हे आम्ही नेहमी करतो. शॉपमध्ये, मीटिंगमध्ये, भाजीवाल्यासमोर, टॅक्सीत. आम्हा दोघांना मराठी येतं आणि इतरांना येत नाही. आवाज खाली आणावा लागत नाही, कुठे उठून जावं लागत नाही. घरापासून इतक्या लांब ती भाषा मला इतके दिवस पांघरुणासारखी ऊबदार वाटत होती. "हे बघ," ते म्हणाले, "दोन महिने स्टोअरमध्ये बसवू त्यांना. पगारात फरक नाही पडू देणार, माझा शब्द. तसंही वय झालंय. आराम मिळेल. नंतर बघू. तू फक्त शांत राहा." बलकारसिंग आमच्याकडे आळीपाळीने बघत होते, आपल्याबद्दल काही चांगलं बोललं जातंय अशा नम्र चेहऱ्याने. आपली भाषा न येणाऱ्या माणसाचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. तो विश्वासाने उघडा असतो.

"क्या कह रहे हैं साहब?" त्यांनी मला विचारलं.

"कह रहा हूँ, आराम कीजिए," अंबरीश सर म्हणाले.

मी श्वास रोखून धरला होता, सकाळी खळग्यात उतरताना रोखला होता तसा. मी तो सोडला.

"ये नहीं कहा उन्होंने," मी हिंदीत म्हणाले.

"ज्ञानदा, अगं..."

"सर, हिंदी में." मग मी सगळं सांगितलं. हिंदीत, माझ्या कोल्हापुरी हिंदीत, लिंग-वचनाच्या चुका करत. सेन्सर कुठे होता, कुठे नेला, का नेला. वाकलं की डोकं नेमकं त्या हवेत जातं जिच्यात ऑक्सिजन नसतो, आणि दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, विशीतला असो की साठीतला. मागच्या गुरुवारीही तेच झालं होतं. डॉक्टर परत आल्या होत्या, मला उशिरा दिसल्या. त्यांनी आधीचं पान उलटं करून नवीन पानावर लिहायला सुरुवात केली आणि दोन प्रश्न विचारले, खोली किती मोठी, शटर बंद होतं का. मी उत्तरं दिली. अंबरीश सर सगळं ऐकून घेऊन दाराकडे गेले, तिथे थांबले, आणि मग फोन कानाला लावत बाहेर निघून गेले. त्यांचा चहाचा कप कठड्यावरच राहिला.

"मतलब," बलकारसिंग म्हणाले, "दिल ठीक है?"

"एक और टेस्ट करेंगे," डॉक्टर म्हणाल्या, "पर अगर ये वजह है, तो हाँ. मशीन वाला मैं नहीं लिख रही. ये लिख रही हूँ कि जगह ठीक की जाए." त्या फाइल घेऊन गेल्या.

बलकारसिंगांनी छातीवरचा हात काढला. "मम्मी नूं फोन कर," ते मुलीला म्हणाले, "कह दे, पापा नूं कुझ नहीं होया." रमनीत माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती काहीतरी बोलणार होती, पण वडिलांनी पुन्हा "जा" म्हटल्यावर ती फोन घेऊन पॅसेजमध्ये गेली. मला वाटलं, आता ते ओरडतील. मी तयार होते. ओरडले असते तर बरं झालं असतं, असंही वाटत होतं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते समोर बघत होते, डोळे किंचित बारीक करून, लेथचा आवाज ऐकताना बघतात तसे.

"मैडमजी, आपने मशीन रोकी," ते सावकाश म्हणाले, "तब पास पूरा हो चुका था?"

सेन्सरचं मी सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं की हे फक्त माझ्या पडद्याला माहीत आहे.

"हाँ," मी म्हणाले. "पूरा हुआ था."

त्यांनी मान हलवली. मग उजवा हात वर केला आणि अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून दूर धरली, मध्ये थोडी फट. जराशी कमी केली, मग पुन्हा जराशी वाढवली, आणि तिथे थांबले.

"मैं झुका, तब टूल सिरे से इतना दूर था," ते म्हणाले.

मिनिटाला चौपन्न मिलिमीटर या वेगाने टूल चौदा सेकंदांत साडेबारा मिलिमीटर जातं. त्यांच्या बोटांमधलं अंतर तेवढंच होतं. ते त्या फटीकडे बघत राहिले, आणि मीही.